पर्जन्यमापकाचीं दुखणीं व त्यांची परीक्षा

मृगाचें पाणी पडूं लागलें म्हणजे आपल्याकडे जो तो पावसाची गोष्ट बोलूं लागतो. "काल रात्रीं फार पाऊस झाला," "यंदा आर्द्रा कोरड्या गेल्या," "आमच्या गांवीं चांगली ओल झाली," असे उद्गार घरोघरीं ऐकूं येतात. परंतु फार म्हणजे किती आणि चांगली म्हणजे कितपत, असें कोणी विचारलें तर पुष्कळांस उत्तर देतां येत नाहीं. हें उत्तर देणारें साधन म्हणजे पर्जन्यमापक होय. अलीकडे कांहीं शाळांच्या आवारांत व हौशी गृहस्थांच्या गच्चीवर लहानसें हवामानकेंद्र दिसूं लागलें आहे. उष्णतामापक, वाऱ्याचा वेग मोजणारें चक्र, वाऱ्याची दिशा दाखविणारा बाण व पर्जन्यमापक हीं त्यांत एकत्र असून त्यांनीं घेतलेलीं मापें घरांतील एका पडद्यावर आपोआप उमटतात. हीं यंत्रें मोठीं उपयोगी आहेत यांत संशय नाहीं. परंतु या परिवारांत वारंवार आजारी पडणारा आणि आपला आजार मुकाट्यानें लपवून ठेवणारा जर कोणी असेल, तर तो पर्जन्यमापकच होय. त्याचें दुखणें कसें ओळखावें व त्यावर उपाय कसा करावा, हें या लेखांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम पाऊस मोजणें म्हणजे काय, हें ध्यानांत घेतलें पाहिजे. पडलेलें पाणी जमिनींत न मुरतां, वाहून न जातां व वाफ होऊन उडून न जातां जागच्या जागीं सांचून राहिलें असतें, तर त्याची जी खोली झाली असती तीच आपण पाऊस म्हणून मोजतों. एक मिलिमीटर पाऊस झाला याचा अर्थ असा कीं, एक मीटर लांब व एक मीटर रुंद अशा जागेवर एक लिटर पाणी पडलें. यावरून दिसून येईल कीं, सरळ उभ्या बाजूंचें कोणतेंही भांडें उघड्यावर ठेवलें आणि त्यांतील पाण्याची खोली पट्टीनें मोजली, तर पाऊस मोजल्यासारखेंच होतें. ही कल्पना फार जुनी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत, एक अरत्नि म्हणजे सुमारें एक हात रुंद तोंडाचें कुंड पाऊस मोजण्यासाठीं कोठारांत ठेवावें, असें सांगितलें आहे. त्या ग्रंथांत निरनिराळ्या प्रांतांच्या पावसाचीं मानेंही दिलीं असून, अपरांताचा म्हणजे आपल्या कोंकणपट्टीचा पाऊस अमित म्हटला आहे. कोरिया देशांत १४४१ च्या सुमारास राजा सेजोंग याच्या कारकीर्दींत पाऊस मोजण्याचें पात्र तयार झालें. आपल्याकडे तालुक्याच्या कचेरींत पुष्कळ वर्षें वापरांत असलेलें साधें पर्जन्यमापक इंग्लंडांतील जॉर्ज जेम्स सायमन्स (१८३८-१९००) याच्या नांवानें ओळखलें जातें. त्यांत नरसाळ्यावाटे बाटलींत सांचलेलें पाणी रोज सकाळीं साडेआठ वाजतां मनुष्य स्वतः मोजपात्रांत ओतून मोजतो.

घरगुती केंद्रांतील यंत्र मात्र मनुष्याची वाट पाहत नाहीं. तें आपलें आपण मोजतें. त्याची युक्ति सतराव्या शतकांतील आहे. लंडनच्या सेंट पॉल देवालयाचा प्रसिद्ध शिल्पकार ख्रिस्तोफर रेन यानें अशा कलत्या पात्राची कल्पना पुढें आणिली. यंत्राच्या वरच्या नरसाळ्यांत पडलेला पाऊस त्याच्या अरुंद भोंकांतून थेंब थेंब खालीं गळतो. खालीं एका आंसावर दोन लहान वाट्या पाठीला पाठ लावून बसविलेल्या असतात. मुलांच्या सीसॉप्रमाणें एक वर असतां दुसरी खालीं असते. वरची वाटी पुरेशी भरली कीं ती जड होऊन एकदम कलते, आपल्यांतील पाणी बाहेर ओतून टाकते, आणि त्याच वेळीं दुसरी वाटी गळत्या धारेखालीं येते. या वाट्यांच्या जोडीला एक लहान लोहचुंबक चिकटविलेलें असतें. वाटी कलतांना तें एका कांचेच्या नळीजवळून जातें. त्या नळींतील दोन पातळ पट्ट्या चुंबकाच्या ओढीनें क्षणभर एकमेकींस लागतात, विजेचा मार्ग पुरा होतो, आणि घरांतील पडद्यावर एक खूण वाढते. एका कलण्यास ०.२ मिलिमीटर असें प्रमाण ठरलें असेल, तर वाटी पांच वेळां कलली म्हणजे एक मिलिमीटर पाऊस झाला. सारांश, हें यंत्र खरें पाहतां पाऊस मोजीत नाहीं. वाटी किती वेळां कलली एवढेंच तें मोजतें. ही एक गोष्ट मनांत पक्की ठेवली म्हणजे पुढील सर्व परीक्षा सोपी होते.

आतां या यंत्राचा मुख्य दोष सांगतों. उष्णतामापक बिघडला तर तो भर दुपारीं उणें चाळीस अंश दाखवील, आणि पाहणारास तत्काळ संशय येईल. वाऱ्याचें चक्र अडकलें तर झाडें हलतांना तें स्थिर दिसेल. परंतु पर्जन्यमापक बिघडलें म्हणजे तें बहुधा काय दाखवितें? शून्य! आणि शून्य हा आंकडा मोठा प्रतिष्ठित आहे. वर्षांतील बहुतेक दिवशीं आपल्याकडे पाऊस नसतोच. त्यामुळें शून्य पाहून कोणासही शंका येत नाहीं. "आज पाऊस पडला नाहीं" आणि "आज पाऊस मोजला गेला नाहीं" या दोन अगदीं भिन्न गोष्टी आहेत. परंतु बिघडलेलें यंत्र त्या दोहोंसाठीं एकच चिन्ह वापरतें. खोट्या शून्यापासून खरें शून्य निवडून काढणें, हेंच पर्जन्यमापक राखणाऱ्याचें मुख्य काम होय.

हा केवळ हौसेचा खेळ आहे, असें कोणीं समजूं नये. आपल्या राज्यांत पिकांच्या नुकसानीचा विचार करतांना, एखाद्या महसूल मंडळांत चोवीस तासांत ६५ मिलिमीटरांहून अधिक पाऊस झाला म्हणजे तेथें अतिवृष्टि झाली असें धरतात. समजा, अशा एखाद्या ठिकाणच्या यंत्राचें तोंड पाल्यानें अर्धें बुजलें आहे आणि ७० मिलिमीटर पाऊस झाला असतां त्यानें ५८ च दाखविला. तर शेतांत उभें पीक पाण्याखालीं गेलें असूनही कागदावर अतिवृष्टि झालीच नाहीं, असें ठरावयाचें! नदीकांठच्या गांवांस पुराची सूचना देणारांचेंही तसेंच आहे. आमच्या किंवा आपल्या गच्चीवरील यंत्रावर कोणाचें पीक अवलंबून नसेल. परंतु आज जो मुलगा किंवा जी मुलगी खऱ्या आंकड्याची चाड धरावयास शिकेल, तीच उद्यां अशा जबाबदारीच्या जागीं बसेल, हें विसरतां कामा नये.

असो. आतां प्रत्यक्ष परीक्षेकडे वळूं. यंत्र बिघडलें असें म्हणण्यापूर्वीं एक प्रश्न स्वतःस विचारावा: आपण तुलना कशाशीं करीत आहों? शेजारच्या पेठेंत ३० मिलिमीटर पाऊस झाला आणि आपल्याकडे १२ च दिसला, एवढ्यावरून आपलें यंत्र खोटें ठरत नाहीं. पाऊस हा असा दाता आहे कीं, तो एका आळींत भरभरून देतो आणि दुसरीस कोरडी ठेवतो. २६ जुलै २००५ चा मुंबईचा प्रलय पालकांपैकीं अनेकांस आठवत असेल. त्या वेळीं चोवीस तासांत सांताक्रूझ येथें ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला; आणि त्याच शहरांतील कुलाब्यास सुमारें ७४ मिलिमीटर! दोन्हीं यंत्रें बरोबरच होतीं. पाऊसच तसा होता. दुसरें असें कीं, हवामान खात्याचा दिवस सकाळीं साडेआठपासून दुसऱ्या सकाळच्या साडेआठपर्यंत असतो, आणि घरगुती यंत्राचा दिवस बहुधा मध्यरात्रीं बदलतो. पहांटे चार वाजतां जोराची सर आली तर ती घरच्या नोंदींत आजच्या तारखेस जाईल. खात्याच्या आंकड्यांत ती काल साडेआठला सुरू झालेल्या दिवसांत मोजली जाईल. तेव्हां वर्तमानपत्रांतील आंकड्याशीं आपला आंकडा जुळत नाहीं म्हणून यंत्रास दोष देण्याची घाई करूं नये.

मग तुलना कशाशीं करावी? त्याच जागीं ठेवलेल्या साध्या भांड्याशीं. सरळ बाजूंचा, सपाट तळाचा एक डबा यंत्राजवळ, परंतु त्याच्यावर आड येणार नाहीं अशा बेतानें, घट्ट बसवावा. पाऊस थांबल्याबरोबर त्यांतील पाण्याची खोली पट्टीनें मोजावी. उशीर केल्यास ऊन पाणी पिऊन टाकतें. हा डबा म्हणजे आपल्या शहाण्या यंत्रावर नेमलेला अडाणी परंतु प्रामाणिक साक्षीदार होय. दहावा भाग मिलिमीटर त्याला कळत नाहीं. पण तो कधीं अडकत नाहीं, आणि त्यास बॅटरीही लागत नाहीं.

डब्यांत पाणी आहे आणि पडद्यावर शून्य आहे, असें आढळलें म्हणजे यंत्रांत बिघाड निश्चित झाला. आतां थेंबाच्या मार्गानें चालावयाचें. आकाशांतून पडलेला थेंब आंकडा होईपर्यंत चार मुक्काम करतो: पहिला नरसाळें, दुसरा वाटी, तिसरा चुंबक व कांचेची नळी, आणि चौथा तार किंवा बिनतारी संदेश व पडदा. बिघाड या चारांपैकीं कोठें तरी असलाच पाहिजे. वैद्य जसा रोग्याचीं सगळींच औषधें एकदम बदलीत नाहीं, तसे आपणही सर्व भाग एकदम उकलूं नयेत. नाहीं तर यंत्र सुधारलें तरी कशानें सुधारलें हें कळत नाहीं, आणि पुढच्या खेपेस पुन्हां पहिले पाढे पंचावन्न!

सर्वांत उपयोगी परीक्षा अगदीं सोपी आहे. नरसाळें अलगद काढून वाटी बोटानें हळूच दहा वेळां कलती करावी व पडदा पाहावा. दहा खुणा वाढल्या तर तिसरा व चौथा मुक्काम निर्दोष आहेत, आणि दोष वरच्या भागांत आहे, म्हणजे पाणी वाटीपर्यंत पोंचत नाहीं, असें समजावें. वाटी बोटासही सहज हलत नसेल, तर तीच अडकली आहे. वाटी मोकळी हलत असून एकही खूण वाढली नाहीं तर दोष खालच्या भागांत आहे. दहाच्या ठिकाणीं तेरा किंवा चौदा वाढल्या तर नळींतील पट्ट्या थरथरून एकाच कलण्याची दोनदां नोंद होत आहे, असें ओळखावें. याप्रमाणें अर्ध्या मिनिटांत अर्धा शोध संपतो. मात्र ही परीक्षा केल्याची वेळ वहींत लिहून ठेवावी, म्हणजे बोटानें पाडलेला हा पाऊस महिन्याच्या बेरजेंतून वजा करतां येईल.

वरच्या भागांतील दोष बहुधा निसर्गाच्या प्रजेनें केलेले असतात. नरसाळ्याचें भोंक बारीक असतें. गुलमोहराचें एक पान, पारव्याची विष्ठा, उन्हाळ्यांतील धूळ किंवा शेवाळ यांनीं तें सहज बुजतें. कोळी आंत जाळें विणतो आणि वाटी दोऱ्यांनीं जखडली जाते. कुंभारीण माशी ओलसर मातीचें घर बांधावयास असली निवांत जागा शोधीतच असते. भोंक पुरतें न बुजतां अर्धवट बुजलें तर एक चमत्कारिक लक्षण दिसतें: रात्रीं मुसळधार पाऊस होतो तेव्हां पडद्यावर थोडासाच आंकडा येतो, आणि दुसऱ्या दिवशीं स्वच्छ ऊन पडलें असतां यंत्र दुपारपर्यंत पाऊस मोजीत राहतें! नरसाळ्यांत तुंबलेलें पाणी तेव्हां हळूहळू पाझरत असतें. उन्हांत पाऊस दिसला म्हणजे प्रथम नरसाळें पाहावें, हा नियमच समजावा. उपाय म्हणजे मऊ कुंचला व स्वच्छ पाणी. भोंकांत खिळा किंवा जाड तार खुपसूं नये. भोंक मोठें झालें तर पाण्याची धार बदलते. वाटींतही तेल घालूं नये. तेलावर पाणी नीट सांडत नाहीं व धूळ मात्र चिकटते.

खालच्या भागांतील दोष वेगळे. चुंबक निखळून पडलें असेल. कांचेची नळी तडकली असेल. खारीनें किंवा उंदरानें तार कुरतडली असेल. जोडावर पावसाळी दमटपणानें हिरवा गंज चढला असेल. बिनतारी यंत्र असेल तर बॅटरी उतरली असेल, किंवा यंत्र व पडदा यांच्या मध्यें नवी लोखंडी कपाटें अगर जाड भिंत आली असेल. येथें एक खूण उपयोगी पडते: केंद्रांतील बाकीचीं यंत्रें, जसें उष्णतामापक, त्याच बिनतारी मार्गानें येत असून तीं नीट चाललीं असतील, तर बॅटरीस व अंतरास दोष देऊं नये, दोष चुंबक किंवा नळी यांजपाशींच शोधावा.

आतां याहून नाजूक आजार. यंत्र चालतें, परंतु चुकीचा आंकडा देतें. अशा वेळीं एकाच दिवसावरून निर्णय करूं नये. डब्याचा आंकडा व यंत्राचा आंकडा निदान पांच-सहा पावसांत शेजारीं शेजारीं लिहावे आणि त्यांचा नमुना पाहावा. चूक फक्त जोराच्या सरीत होते काय? तर ती या जातीच्या यंत्राची स्वाभाविक उणीव आहे. वाटी कलावयास क्षणाचा कांहीं भाग लागतो, व तेवढ्यांत वरून येणारें पाणी भरलेल्या वाटींतच पडून फुकट जातें. म्हणून पाऊस जितका जोराचा तितका आंकडा कमी येतो. चूक फक्त वादळी वाऱ्यांत होते काय? तर यंत्राचा खांब डुलून वाटी पावसावांचून कलत असेल, अथवा उलट, वाऱ्याच्या झोतानें थेंब नरसाळ्यावरून पलीकडे उडून जात असतील. उंच गच्चीच्या कडेस ठेवलेलें यंत्र यामुळेंच पुष्कळदां कमी पाऊस दाखवितें. नेहमींच थोडें कमी येतें काय? तर जवळचें झाड किंवा भिंत आड येत असेल. अडथळा जितका उंच असेल त्याच्या निदान दुप्पट अंतरावर यंत्र असावें. नेहमींच अधिक येतें काय? तर छपराच्या पागोळ्यांचे शिंतोडे त्यांत उडत असतील. यंत्र तिरकें बसलें असेल तर एक वाटी लवकर व दुसरी उशिरा कलते. म्हणून गवंड्याची पाणसळ नरसाळ्याच्या कांठावर दोन दिशांनीं ठेवून तें सपाट करून घ्यावें. दंवाच्या सकाळीं एखादी खूण, म्हणजे ०.२ मिलिमीटर, उगीच वाढली तर तो आजार नव्हे. हवामान खातेंही २.५ मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस झालेल्या दिवसासच पावसाचा दिवस म्हणतें.

आणि दोन आंकड्यांचें गुणोत्तर प्रत्येक पावसांत एकच येत असेल तर? मग दोष पाण्यांत नाहीं, वाऱ्यांत नाहीं. तो हिशेबांत आहे. याचें एक उदाहरण आमच्या शाळेच्या आवारांतील यंत्रानेंच दिलें. एका श्रावणांत तीन दिवसांची झड लागली असतां पडद्यावर शून्याशिवाय कांहीं दिसेना, आणि शेजारचा डबा तर रोज भरत होता. बोटाची परीक्षा केली. दहा कलण्यांस दहा खुणा आल्या. म्हणजे दोष वर होता. नरसाळें वरून स्वच्छ दिसत होतें, परंतु उलटें करून पाहतां भोंकाच्या खालच्या तोंडाशीं मातीची एक गोळी घट्ट बसलेली आढळली. ती काढतांच यंत्र चालूं लागलें. येथेंच पुष्कळ जण वही मिटून घरीं जातात. मुलांनीं मात्र डब्याशीं तुलना चालू ठेवली. पुढील तीन पावसांत डब्यांत ११, २६ व ४० मिलिमीटर आले, आणि यंत्रानें १४, ३३ व ५१ दाखविले. एका विद्यार्थिनीनें भागाकार करून पाहिला. तिन्हीं वेळां उत्तर सुमारें १.२७ आलें! आतां इंचाचा शंभरावा भाग म्हणजे ०.२५४ मिलिमीटर, आणि ०.२५४ ला ०.२ नें भागिलें तर बरोबर १.२७ येतात. वाटी ०.२ मिलिमीटरांची होती, परंतु बॅटरी बदलली तेव्हां पडद्याची मांडणी मूळ स्थितीवर जाऊन तो प्रत्येक कलण्यास इंचाचा शंभरावा भाग समजत होता. एक कळ दाबतांच दोष दूर झाला. पहिला आजार दुसऱ्या आजाराला झांकून होता. म्हणून एक दोष सांपडला म्हणजे शोध संपला असें मानूं नये. डब्याची साक्ष पुन्हां घ्यावी.

शेवटची आणि सर्वांत खात्रीची परीक्षा म्हणजे मोजून पाणी देणें. तिचें गणित सातवी-आठवींतल्या विद्यार्थ्यास सहज करतां येईल. समजा, नरसाळ्याच्या तोंडाचा व्यास १६ सेंटिमीटर आहे. त्रिज्या ८, तेव्हां क्षेत्रफळ ८ × ८ × ३.१४, म्हणजे सुमारें २०१ चौरस सेंटिमीटर. एका कलण्याचा पाऊस ०.२ मिलिमीटर, म्हणजे ०.०२ सेंटिमीटर. २०१ ला ०.०२ नें गुणिलें तर ४.०२ घनसेंटिमीटर पाणी एका कलण्यास लागावें. तर शंभर कलण्यांस ४०२ घनसेंटिमीटर लागतील, आणि पडद्यावर २० मिलिमीटर दिसावे. आपल्या यंत्राचा व्यास वेगळा असल्यास त्याप्रमाणें आंकडे बदलावे. घरांत मोजपात्र नसेल तर पाणी तोलून घ्यावें. एक घनसेंटिमीटर पाण्याचें वजन एक ग्रॅम धरण्यास हरकत नाहीं.

पाणी मात्र एकदम ओतूं नये. एका डब्याच्या तळास सुईनें बारीक छिद्र पाडून तो नरसाळ्यावर टांगावा, आणि सर्व पाणी गळावयास सुमारें एक तास लागेल असें करावें; म्हणजे तासास २० मिलिमीटर अशा साधारण पावसाची नक्कल होते. आरंभीं थोडें पाणी घालून नरसाळें व वाट्या ओल्या करून घ्याव्या. कोरडें यंत्र पहिले थेंब आपल्या अंगास चिकटवून ठेवतें. ही परीक्षा वारा नसतां, शक्य तर घरांत करावी. पडद्यावर १९.४ पासून २०.६ पर्यंत कांहींही आलें तर घरगुती यंत्र चांगलें आहे असें समजावें. १७ किंवा १८ च आले तर वाटी जरुरीपेक्षां अधिक पाणी घेऊन कलत आहे. वाट्यांच्या खालीं दोन लहान मळसूत्रें असतात, त्यांवर त्या टेकतात. तीं दोन्हीं सारखींच थोडीं वर केलीं म्हणजे वाटी कमी पाण्यांत कलते, व खालीं केलीं म्हणजे अधिक पाण्यांत. पाव फेऱ्याहून अधिक एकदम फिरवूं नये, आणि प्रत्येक वेळीं परीक्षा पुन्हां करावी. नरसाळें घाण असतां किंवा यंत्र तिरकें असतां मळसूत्रास हात लावणें म्हणजे घड्याळ ओलें झालें म्हणून कांटे वांकविण्यासारखें आहे.

आतां वहीविषयीं दोन शब्द. यंत्र बंद असलेल्या दिवसापुढें शून्य लिहूं नये. तेथें आडवी रेघ ओढून "मोजलें नाहीं" असें स्पष्ट लिहावें. डब्यानें मोजलें असेल तर डब्याचा आंकडा लिहून तो डब्याचा आहे असें नमूद करावें. शेजारच्याचा आंकडा उतरून घेऊन किंवा अंदाजानें "इतका तरी झालाच असेल" म्हणून रकाना भरूं नये. भरलेली वही डोळ्यांस सुंदर दिसते खरी. परंतु दहा वर्षांनीं ती पाहणारास त्यांतला कोणता आंकडा आकाशानें लिहिला व कोणता आपण लिहिला, हें कसें कळावें? रिकामा रकाना एका दिवसाची उणीव सांगतो. खोटा रकाना सगळ्या वहीवरचा विश्वास घालवितो. तसेंच यंत्र स्वच्छ केलें, बॅटरी बदलली, मळसूत्र फिरविलें, किंवा यंत्राची जागा हलविली, तर ती तारीख समासांत लिहावी. पुढें आंकडे एकाएकीं बदललेले दिसले तर बदल आकाशांत झाला कीं यंत्रांत, याचा निवाडा त्या एका ओळीनें होतो.

ही निगा राखावयास फार वेळ लागत नाहीं. वैशाखांत, पाऊस सुरू होण्यापूर्वीं, एकदां पाण्याची परीक्षा करावी. पावसाळ्यांत आठवड्यांतून एकदां नरसाळें पाहावें, पंधरवड्यास वाटी बोटानें हलवून पाहावी, आणि डब्याशीं तुलना नेहमींच चालू ठेवावी. पावसाळा संपला म्हणजे वाट्या धुवून पुसून ठेवाव्या. मुलांनीं हें काम पाळीपाळीनें वांटून घेतल्यास कोणासही जड वाटणार नाहीं. पालकांसही आमची विनंती आहे कीं, घरीं असें यंत्र नसलें तरी एक साधा डबा व एक पट्टी मुलांस द्यावी. दहा हजारांचें यंत्र घेऊन त्याकडे कधीं न पाहणारापेक्षां, दहा रुपयांच्या डब्यांतील पाणी रोज ठराविक वेळीं मोजणारा मुलगा पावसाला अधिक ओळखूं लागतो.

येत्या पावसाळ्यांत पडद्यावर शून्य दिसलें म्हणजे आमच्या विद्यार्थ्यांनीं एक वेळ खिडकींतून बाहेर पाहावें, अंगणांतील डब्यांत डोकवावें, आणि मगच तें शून्य वहींत उतरावें, एवढेंच आमचें सांगणें आहे.